विकतची वाळू, फुकटची भरती

सिंगापूरच्या मेट्रोच्या लाल रेषेचं दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन म्हणजे मरीना साउथ पियर. हे 2014 च्या नोव्हेंबरात सुरू झालं. सरकत्या जिन्याने वर आलं की समोरच धक्का. रविवारी सकाळी रांगेत कोण नसतं? तंबू घेतलेली कॉलेजची मुलं, गळ आणि बादली घेतलेले चिनी आजोबा, सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर निघालेल्या फिलिपिनो बायका. आणि हमखास एक-दोन मराठी कुटुंबं. ती ओळखायला तोंड उघडावं लागत नाही. ज्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्यांपेक्षा डबे जास्त, ती आपली.

मोठ्या माणसाचं जाऊन-येऊन तिकीट पंधरा डॉलरच्या घरात. मुलांचं थोडं कमी. अर्ध्या तासात बोट सेंट जॉन्स बेटाला लागते.

*

नकाशावर सिंगापूर एक टिकली दिसतं, पण या टिकलीखाली बेटांचा छोटा पुंजका आहे. सेंट जॉन्स, लाझरस, सेरिंगात, कुसू आणि दोन 'बहिणी' म्हणजे सिस्टर्स आयलंड्स. यातली पहिली तीन आता भराव आणि बांधरस्त्याने जोडलेली आहेत. सेंट जॉन्सच्या धक्क्यावर उतरायचं, पंधरा-वीस मिनिटं चालायचं आणि लाझरसच्या अर्धचंद्राकृती पुळणीवर पथारी पसरायची, हा ठरलेला शिरस्ता. कुसू मात्र सुटं आहे. तिथे बोटीनेच जावं लागतं.

*

आई चिपळूणहून आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो. तिने चपला काढल्या, वाळूत पाय रोवले आणि मूठभर वाळू हातात घेतली. तळव्यावर पसरली, बोटाने चाळली, पुन्हा पसरली.

"यात शिंपल्याचा चुरा कसा नाही गं?"

खरंच नव्हता. एकसारखी, फिक्या रंगाची, धुतल्यासारखी वाळू. किनाऱ्याच्या वाळूत त्या समुद्राचा सगळा संसार कुटून मिसळलेला असतो. शंख, कालवांच्या पापुद्र्याएवढ्या कपच्या, कधी काळ्या दगडाचा भुगा. इथे तसं काही सापडेना.

"आई, ही वाळू इथली नाही. इंडोनेशियाहून आणून टाकलीय."

"विकत?"

"विकत."

तिने हात झटकला आणि म्हणाली, "मग पैसे वसूल होईपर्यंत बसू या."

*

हा प्रकार एकट्या लाझरसचा नाही. 1960 च्या दशकात सिंगापूरचं क्षेत्रफळ 580 चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, आज ते 730 च्या वर आहे. मधली सगळी जमीन समुद्रात भर टाकून काढलेली. आधी घरच्या टेकड्या फोडून माती आणली, ती संपल्यावर शेजाऱ्यांकडून वाळू घेतली. मलेशियाने 1997 मध्ये आणि इंडोनेशियाने 2007 मध्ये वाळूची निर्यात बंद केली. किनारे खचतात, मासे जातात, बेटं झिजतात, ही त्यांची तक्रार. ती खोटी नव्हती.

आपल्याकडे खाडीतल्या वाळूउपशावर दर वर्षी बातम्या येतात, रात्री होड्या पकडल्या जातात, पुन्हा सुटतात. उपसलेली वाळू कुठे तरी जातेच. लाझरसवर बसलं की ती पोहोचते ती बाजू दिसते. स्वच्छ, नीटनेटकी, वर पावती घेतलेली.

*

लाटा नाहीत, ही कोकणातून आलेल्या प्रत्येकाची पहिली निराशा. गुहागर-मुरुडची सवय असलेला माणूस लाझरसच्या पाण्याकडे बघतो आणि म्हणतो, "हा समुद्र की तळं?" त्याचं कारण सरळ आहे. ही सामुद्रधुनी. पलीकडे इंडोनेशियाचं बाताम इतकं जवळ की उन्हात त्याच्या इमारती मोजता येतात. वाऱ्याला लाट उभी करायला मोकळं पाणी लागतं, ते इथे नाही.

तरी लाट येते. बाहेरून एखादं अवजड जहाज सरकत जातं. दिसायला संथ, आवाज नाही. आपण ते विसरूनही जातो. मग बऱ्याच वेळाने पाणी एकाएकी मागे सरतं, चार-पाच लाटा ओळीने येऊन वाळूवर आदळतात, कडेला ठेवलेल्या चपला उचलतात, आणि परत सगळं सपाट. तोवर जहाज बेटाआड गेलेलं असतं. मुलांना हा खेळ चांगला कळलाय. मोठं जहाज दिसलं की ती पाण्यात उभी राहून वाट बघतात.

*

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. पंचमी असेल तर पावणेचार वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. आईने बोटीतच कालनिर्णयातली तिथी आठवून हा हिशेब मांडला.

गंमत म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला तो इथेही ढोबळमानाने लागू पडतो. भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे, मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास मात्र त्याच्यावर विसंबू नये. इथे एका बाजूने दक्षिण चिनी समुद्राचं आणि दुसऱ्या बाजूने अंदमान समुद्राचं पाणी येतं, दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. उधाणाला पाण्याचा चढउतार तीन मीटरच्या आसपास. मुंबईत तो पाचाच्या घरात जातो.

साधारण मार्च ते ऑगस्ट सर्वांत खोल ओहोट्या पहाटेच्या अंधारात येतात, वर्षाअखेरीला त्या संध्याकाळी येतात. इथले निसर्गप्रेमी पहाटे चारला विजेऱ्या घेऊन खडकांवर जातात ते यासाठी. जगातल्या सर्वाधिक वर्दळीच्या बंदरांपैकी एकाच्या दारात प्रवाळ, समुद्री काकड्या आणि समुद्रफुलं अजून तग धरून आहेत. सिस्टर्स आयलंड्सच्या भोवतालचा भाग 2014 मध्ये देशाचं पहिलं सागरी उद्यान झाला. भरतीत गेलेल्याला यातलं काहीच दिसत नाही.

*

सेंट जॉन्सचं मलय नाव पुलाऊ साकिजांग बेंदेरा. 28 जानेवारी 1819 रोजी, सिंगापुरात ब्रिटिश ठाणं वसवणाऱ्या रॅफल्सच्या जहाजांनी याच बेटाजवळ नांगर टाकले आणि दुसऱ्या दिवशी मंडळी सिंगापूर नदीच्या मुखाशी उतरली. त्याचा पांढरा पुतळा नदीकाठी आहे आणि रोज शेकडो पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात. आदल्या रात्रीच्या मुक्कामाकडे कुणी फिरकत नाही.

*

या बेटाचा खरा इतिहास पुढचा. 1873 मध्ये सिंगापुरात कॉलऱ्याची साथ आली. दुसऱ्याच वर्षी सेंट जॉन्सवर क्वारंटाइन स्टेशन उघडलं. बाहेरून येणारी बोट आधी इथे थांबायची. चीनहून येणारे मजूर, हजहून परतणारे यात्रेकरू, आणि मद्रास-नागपट्टणहून बोटीच्या डेकवर बसून आलेले तमिळ कामगार. तपासणी, कपडे वाफेत घालणं, देवीची लस, आणि लक्षणं नसली तरी काही दिवस कुंपणाआड. केबिनमधला प्रवासी बहुतेक वेळा सुटायचा. डेकवरचा अडकायचा. हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं.

लिटल इंडियात आज जे लोक फुलांच्या माळा, केळीची पानं आणि स्टीलची भांडी विकतात, त्यांतल्या कित्येकांच्या आजोबा-पणजोबांचा सिंगापुरातला पहिला मुक्काम म्हणजे हे बेट. आपण ज्या धक्क्यावर सनस्क्रीन लावत उतरतो, तिथे त्यांना रांगेत बसवून घेतलं होतं.

*

2020-21 मध्ये भारतातून परतलेल्या आमच्यासारख्यांना सरकारने ठरवलेल्या हॉटेलात चौदा दिवस राहावं लागलं. खोलीबाहेर पाऊल नाही, जेवण दाराशी. खिडकी उघडत नाही म्हणून आम्ही किती कुरकुर केली. नंतर सेंट जॉन्सची माहिती वाचली आणि तुलना करायची हिंमत झाली नाही. पण एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या काळातही वसतिगृहांत दाटीने राहणारे बांधकाम मजूर महिनोन्‌महिने आत अडकले आणि आम्ही चौदा दिवसांत सुटलो. केबिन आणि डेकचा फरक दीडशे वर्षांत मिटलेला नाही.

*

क्वारंटाइन ओसरलं तशी कुंपणं दुसऱ्या कामाला आली. 1948 मध्ये ब्रिटिशांनी आणीबाणी पुकारल्यावर राजकीय कैदी इथे ठेवले गेले. 1955 मध्ये अफूच्या व्यसनींसाठी उपचार केंद्र निघालं. 1975 च्या सुमाराला इथे सुट्टीची शिबिरं सुरू झाली आणि बेट 'सहलीचं' झालं.

स्थानबद्धांमध्ये एक होते सी. व्ही. देवन नायर. मलाक्कात जन्मलेले, मूळचे केरळी, कामगार चळवळीतले. 1951 ते 1953 ते या बेटावर अटकेत होते. 1981 मध्ये तेच सिंगापूरचे राष्ट्रपती झाले. ही गोष्ट सांगितल्यावर आमचा मुलगा म्हणाला, "म्हणजे इथे राहिलं की प्रेसिडेंट होतात?" आजी म्हणाली, "आधी अभ्यास, मग कैद, मग राष्ट्रपती. क्रम चुकवू नकोस."

कैद्यांचं आणखी एक. 1825 पासून 1873 पर्यंत ब्रिटिशांनी हिंदुस्थानातले जन्मठेपेचे कैदी सिंगापुरात आणून रस्ते, पूल, इमारती बांधून घेतल्या. त्यात मुंबई इलाख्यातलेही होते. शहराच्या मध्यावर उभं असलेलं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच हातचं. म्हणजे 'परदेशात नोकरीला' जाणारी पहिली मराठी माणसं आमच्यासारखी एम्प्लॉयमेंट पास घेऊन आलेली नव्हती.

*

सेंट जॉन्सवर आता माणसांपेक्षा मांजरं जास्त भेटतात. धक्क्यावर, पायऱ्यांवर, सावलीतल्या बाकांवर. मासेमारीला आलेल्या आजोबांशी त्यांचं जुनं सूत आहे. गळाला लागलेला छोटा मासा परत पाण्यात जात नाही, तो कुणाच्या वाटणीचा हे ठरलेलं असतं.

कुंपणाआड एक राष्ट्रीय सागरी प्रयोगशाळा आहे. प्रवाळ, समुद्री गवत, शिंपले यांवर तिथे काम चालतं. ज्या बेटाने शंभर वर्षं माणसं तपासली ते आता पाणी तपासतं.

*

कुसू बेटाची कथा अशी. एक मलय आणि एक चिनी खलाशी बुडत होते. एका मोठ्या कासवाने स्वतःचं बेट केलं आणि दोघांना वाचवलं. त्यामुळे बेटावर दोन्हीकडची ठाणी. खाली ता पेह काँगचं चिनी देऊळ, 1923 चं. वर टेकडीवर 152 पायऱ्या चढून तीन केरामत, म्हणजे मुस्लिम संतपुरुषाचं, त्याच्या आईचं आणि बहिणीचं स्थान. तिथे जाणाऱ्यांत चिनी भाविकच जास्त. नवसाचे दोरे, अगरबत्त्या, पिवळा रंग. 2022 च्या एप्रिलमध्ये आगीत ही टेकडीवरची स्थानं जळाली. कुसू मुळात दीड हेक्टरपेक्षा लहान होतं, 1975 मध्ये भराव घालून साडेआठ हेक्टरचं केलं. कासवाने सुरुवात केली, बाकीचं सरकारने पूर्ण केलं.

कुसूची यात्रा चिनी नवव्या महिन्यात असते. हा महिना आणि आपला आश्विन बहुतेक वर्षी जवळपास एकच. 2023 मध्ये घटस्थापनेच्या दिवशी तो सुरू झाला आणि लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला संपला. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि दोन्हींत अधिक महिना येतो. तो वेगवेगळ्या वर्षी आला की मात्र फाटाफूट होते. 2025 मध्ये त्यांचा अधिक महिना आधी येऊन गेला, आपला 2026 वर गेला, म्हणून कुसूची यात्रा कार्तिकात सरकली. आईला हे पटवायला कालनिर्णय आणि चिनी दिनदर्शिका शेजारी ठेवाव्या लागल्या. पटल्यावर ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी नवरात्रात बोलव. दोन्हीकडचं होऊन जाईल."

*

लाझरसवरून समोर बघितलं की क्षितिजाला जहाजं टांगलेली दिसतात. नांगर टाकून वाट बघणारी. कुणाला धक्का हवा, कुणाला हुकूम हवा, बहुतेकांना इंधन. जहाजांना इंधन भरून देण्यात सिंगापूर जगात पहिलं, वर्षाला पाच कोटी टनांच्या वर. पश्चिमेला बुकोम बेटावर 1961 पासून तेलशुद्धीकरण चालू आहे, तिथल्या चिमण्या सेंट जॉन्सच्या त्या अंगाने दिसतात.

त्या जहाजांवर आपली माणसं असतात. रत्नागिरी-रायगडच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं बोटीवर जातात. आई एका लाल जहाजाकडे बोट दाखवून म्हणाली, "आपल्या वाडीतले दोघं अशाच बोटीवर आहेत. इथेच कुठे असले तर?" असतीलही. पण नांगरावरच्या खलाशाला किनाऱ्यावर उतरायला मिळतंच असं नाही. इंधन भरलं की जहाज निघतं. त्याला ही पुळण रेलिंगवरून दिसते, वर रंगीत छत्र्या आणि तंबू दिसतात, आणि बहुधा फोनला जेमतेम रेंज मिळते तेवढ्यात घरी बोलून घेतो. आपल्याकडून त्याचं जहाज हे चित्रातलं जहाज. त्याच्याकडून आपण चित्रातली सहल.

*

14 जून 2024 रोजी पासिर पांजांग टर्मिनलपाशी एका ड्रेजरची इंधन पुरवणाऱ्या बोटीला धडक बसली आणि सुमारे 400 टन तेल समुद्रात गेलं. सेंटोसा, सेंट जॉन्स, लाझरस, कुसू, सगळीकडे काळा तवंग पोहोचला. किनारे बंद झाले. पांढऱ्या पोशाखातली माणसं फावड्यांनी वाळू उचलून पिशव्यांत भरताना दिसत होती. विकत आणलेली वाळू तेलकट होऊन पुन्हा उचलली गेली. किनारे टप्प्याटप्प्याने उघडले. आता गेलात तर काही दिसणार नाही. इथे साफसफाई चोख असते. जे बेट जहाजांच्या पैशावर इतकं नीट राखलं जातं, त्याला धोका जहाजांचाच.

*

डब्याबद्दल. चपात्या कडक होतात, थालीपीठ टिकतं. दही-भात नेऊ नये, नेला तर पहिल्या तासात संपवावा. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं यांना तोड नाही. शेजारच्या तंबूतल्या चिनी बाईने पुरी मागून घेतली आणि बदल्यात समुद्री शेवाळाचा कुरकुरीत पापड दिला. आईने तो संशयाने खाल्ला, मग दुसरा मागितला.

सँडफ्लाय ही वाळूतली चावरी माशी इथली खरी मालकीण. डोळ्यांना दिसत नाही, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या लाल होतात. ओल्या वाळूवर नुसत्या टॉवेलवर पडू नये, जाड चटई घ्यावी.

आणि ऊन. सिंगापूरचं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. 1 जानेवारी 1982 पासून ते मलेशियाच्या जोडीने ग्रीनविचच्या आठ तास पुढे आहे, त्यामुळे सूर्य उगवतो सातच्या सुमाराला आणि डोक्यावर येतो एकनंतर. 'बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल' हा आपला अंदाज इथे फसतो. खरं कडक ऊन एक ते दोन.

*

समुद्र म्हणून लाझरस सामान्य आहे. पाणी हिरवट, गढूळ, लाटा उसन्या, वाळू परकी. आंजर्ले किंवा वेळणेश्वर पाहिलेल्याने त्या हिशेबाने जाऊ नये, पंधरा डॉलर वाया गेल्यासारखे वाटतील. बेट म्हणून मात्र ते पाहण्यासारखं आहे. या शहराने माणसं कशी आत घेतली, कुणाला थांबवलं, जमीन कुठून आणली आणि पैसा कशावर चालतो, हे दिवसभरात पायी फिरून दिसतं. कुठल्याही संग्रहालयात ते इतकं एका जागी मिळत नाही.

म्हणून नवीन आलेल्यांना सांगणं एवढंच. थेट पुळणीवर धावू नका, आधी सेंट जॉन्सला तासभर द्या. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा. पाणी भरपूर न्या. आणि शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून ठेवा, ती अंधार पडण्याच्या बरीच आधी सुटते.